पूजेला बसलेला सर्व्हर

"हे बंद केलं तर काय होईल?" कौस्तुभनं विचारलं.

"कंपनी बंद पडंल," स्टोअरचे घाटगे म्हणाले.

"बरं. आणि हे?"

"हे? हे तर लगीच बंद पडंल."

जेवणाच्या सुट्टीपर्यंत आमची कंपनी अशी कितीतरी वेळा बंद पडली. मधे चहा आला तेवढा वेळ काय ती चालू होती.

कौस्तुभ पुण्याहून आलेला सल्लागार. तिशीचा, शांत आणि सभ्य. कुणी काहीही बोललं तरी मान डोलावून लॅपटॉपमध्ये टिपून घ्यायचा. पडद्यावर त्यानं एक तक्ता लावला होता. आमच्या इंगवले पंप्समध्ये चालणारे सगळे प्रोग्रॅम डाव्या बाजूला, आणि उजव्या बाजूला ते किती गरजेचे आहेत याचा रकाना. तो रकाना वरपासून खालपर्यंत 'अत्यावश्यक' या एकाच शब्दानं भरत चालला होता. कँटीनच्या कुपनांचा प्रोग्रॅमसुद्धा अत्यावश्यक होता. कँटीनमधली कुपनं तोवर केव्हाच बंद झाली होती.

आमची कंपनी कोल्हापूरबाहेरच्या एमआयडीसीत. विहिरीचे आणि नदीचे पंप करायची, अजूनही करते. मी तिथं सिस्टीम मॅनेजर होतो. म्हणजे प्रिंटरमध्ये कागद अडकला की ज्याला हाक मारतात तो माणूस, फक्त केबिनमध्ये बसणारा. आमचा सर्व्हर म्हातारा झाला होता. उन्हाळ्यात तो चटणी वाटल्यासारखा आवाज करायचा. त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले होते आणि तो कायमचा बसला तर काय करायचं याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. तेव्हा मालकांनी, म्हणजे काकासाहेब इंगवल्यांनी, सगळं क्लाउडवर न्यायचं ठरवलं. ढगांवरचे विनोद आमच्याकडे पहिल्या आठवड्यातच करून संपले होते. आता प्रश्न एवढाच होता की न्यायचं काय आणि कसं.

"घर बदलतो तसंच असतं हे," कौस्तुभनं समजावलं. "काही सामान आहे तसं टेम्पोत टाकायचं. काही तिथं नेऊन नव्यानं बांधून घ्यायचं. काही इथंच सोडून तिकडं तयार विकत घ्यायचं. काही सध्या जुन्याच घरात राहू द्यायचं. आणि बरंचसं भंगारात."

"भंगारात काय काय निघतंय?" काकासाहेबांनी विचारलं.

कौस्तुभनं तक्त्याकडे बघितलं. "तुमच्याकडे काहीच नाही, सर."

"बघा," काकासाहेब अभिमानानं म्हणाले.

"तोच प्रॉब्लेम आहे, सर. सगळंच गरजेचं असेल तर निवडता येत नाही. मग दोनच वाटा राहतात. एक, हे सगळं जुनं आहे तसं उचलून न्यायचं आणि नव्या जागेचं भाडं भरत बसायचं. दुसरी, सगळं टाकून एक तयार पॅकेज घ्यायचं. माझा सल्ला दुसरीचा. त्यात हा विभागही लागणार नाही."

हे शेवटचं वाक्य तो इतक्या हळू आवाजात बोलला की आजारी माणसाच्या खोलीत असल्यासारखं वाटलं.

माझी खुर्ची तशी शाबूत होती. पॅकेजवाल्यांना फोन करून तक्रार करायला कुणीतरी लागतंच. विभाग म्हणजे पोतनीस मॅडम. कंपनीत पहिला संगणक आला त्याच महिन्यात त्या आल्या, आणि त्या तक्त्यातला जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला होता. निवृत्तीला अजून काही वर्षं होती. मुलगा शिकत होता. मीटिंगमध्ये त्या मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. 'कंपनी बंद पडंल' म्हणून कुणी सांगितलं की सगळे त्यांच्याकडे वळून हसायचे. दिवसभर त्यांचा सत्कारच चालला होता म्हणा ना, आणि शेवटी नारळाऐवजी हा सल्ला.

"मी आता दसऱ्यानंतर बद्री-केदार करून येतो," काकासाहेब उठता उठता म्हणाले. "आलो की सरनाईक, तुम्ही काय ते एक सांगायचं. या वाटंनं का त्या वाटंनं. तुम्ही सांगाल त्यावर मी सही करणार. मग मागं बघायचं न्हाई."

बाहेर व्हरांड्यात मॅडमनी मला गाठलं.

"सरनाईक, हे सगळे खोटं बोलतात."

"कोण?"

"सगळे. घाटगेंना आवकेचा प्रोग्रॅम उघडायचा पासवर्डसुद्धा माहीत नाही. मागच्या दिवाळीत मी तो बदलला. अजून एकदाही विचारायला आले नाहीत."

"मग मीटिंगमध्ये सांगायचं ना!"

"मी?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "कुठलं पोरगं कामाचं नाही, हे तुम्ही आईला विचारता का हो?"

"पण ते असं का सांगतात?"

"नको म्हणून सांगितलं आणि उद्या कधी लागलं तर? 'हवं' म्हणण्यात कुणाचं काय जातं?"

मी घरी जाऊन दोन कागद घेतले. एकावर 'सगळं न्यायचं' लिहिलं, दुसऱ्यावर 'सगळं टाकायचं'. पुढे काही सुचलं नाही. बायकोनं त्यावर किराणा लिहून घेतला.

मग खंडेनवमी आली.

आमच्याकडे खंडेनवमीला सगळी मशिनं धुऊन-पुसून पूजेला बसवतात. लेथ, ड्रिल, भट्टीचा पंखा, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूचा हार. पूजेला बसलेल्या मशीनला मग कुणी हात लावत नाही. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी काकासाहेब शॉपमध्ये फिरतात, एकेका मशीनचा हार स्वतः उतरवतात, हात लावून 'ऊठ' म्हणतात, नारळ फोडतात. तेव्हा मशीन उठतं. एका वर्षी कोपऱ्यातलं ड्रिलिंग मशीन त्यांच्या नजरेतून सुटलं आणि ते परगावी गेले. ते परत येईपर्यंत फोरमननं शेजारच्या वर्कशॉपमधून भोकं पाडून आणली, पण हाराला हात लावला नाही. या कथेत कुणालाही काही विनोदी वाटत नसे. नवीन कामगारांना ती ट्रेनिंगमध्ये सांगायचे.

सर्व्हरची गोष्ट वेगळी होती. त्याला हार घालायचे, पण तो बंद करायचे नाहीत. जित्याजागत्या पाहुण्याला घालतात तसा तो हार घालून घ्यायचा आणि चटणी वाटत राहायचा.

दसऱ्यानंतरच्या त्या सकाळी मी पोचलो तेव्हा शॉपमध्ये खोबरं वाटून झालं होतं आणि काकासाहेबांची गाडी विमानतळाकडे निघून गेली होती. आमच्या खोलीत मात्र चमत्कारिक शांतता होती. थोड्या वेळानं लक्षात आलं. आवाजच नव्हता. सर्व्हर हार घालून काळाठिक्कर बसला होता.

"मॅडम, हा बंद कसा?"

"पूजेला बसलाय."

"दरवर्षी तर चालू असतो!"

"यंदा नीट बसवला," मॅडम म्हणाल्या आणि डबा टेबलाच्या खणात ठेवला.

"काकासाहेब आले नाहीत इकडं?"

"शॉपमधून थेट गाडीत बसले. सर्व्हर बंद असेल हे त्यांना कुठलं माहीत?"

मी पुढे होऊन बटणाकडे हात नेला. दारात घाटगे खोबरं खात उभे होते.

"ओ साहेब, काय करताय?"

"चालू करतोय."

"हार न उतरवता? काकासाहेब हिमालयातल्या घाटरस्त्याला निघालेत, हितं तुम्ही हाराला हात घालताय. तिकडं काय इपरीत झालं म्हंजे?"

"घाटगे, हा बंद राहिला तर कंपनी बंद पडेल, हे तुम्हीच सांगितलं होतं."

"ते मिटिंगीत," घाटगे म्हणाले. "ह्यो धर्म झाला."

मी हात मागे घेतला. अर्धा गाव काकासाहेबांच्या सुखरूप येण्यावर जगतो. त्यांना साधी सर्दी झाली असती तरी ती माझ्या नावावर लागली असती. फोन लावला, तर 'संपर्क क्षेत्राच्या बाहेर'. मग मी आणि मॅडम आमच्या खोलीत समोरासमोर बसून कंपनी बंद पडायची वाट बघू लागलो.

पहिल्यांदा अकाउंट्सची निंबाळकर धावत आली. बिलं निघत नव्हती. हार बघून तिनं आधी नमस्कार केला आणि मग आम्हाला मनातल्या मनात जे काही म्हणायचं ते म्हणाली. तिनं सरकारी साइटवर एकेक बिल हातानं भरायला घेतलं आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. तिची तक्रार खरी होती. पगार विभागाचा माणूस आला आणि महिनाअखेरपर्यंत चालेल, पण पुढं नाही, असं बजावून गेला. भट्टीवरून तापमानाच्या नोंदी साठत नसल्याचा निरोप आला. त्यानंतर आले घाटगे.

मॅडम खुर्चीत सरळ बसल्या. "बोला."

"खोबरं शिल्लक हाय का विचारायला आलतो."

दुसऱ्या दिवशी कुणी आलंच नाही. शॉपमधून ठोकाठोकीचे, फोर्कलिफ्टच्या हॉर्नचे आवाज येत होते. कंपनी निर्लज्जपणे चालू होती. दर सकाळी आमच्या प्रिंटरवर 'दैनिक उत्पादन आढावा' नावाचा लांबलचक कागद निघायचा आणि सगळ्या साहेबांच्या टेबलावर जायचा. मॅडमचा तो लाडका प्रोग्रॅम. त्यासाठी तरी कुणी येईल म्हणून आम्ही दाराकडे बघत राहिलो. दुपारी घाटगे पुन्हा डोकावले.

"मॅडम, त्यो लांब कागद आला न्हाई व्हय दोन दिस?"

मॅडमचा चेहरा उजळला. "लागला का?"

"लागला म्हंजे, भडंग खायला घ्यायला बरा पडतो वो. पाठीमागनं कोरा असतोय."

घाटगे गेल्यावर मॅडमनी टेबलावरची पेन्सिल उचलली, टोक बघितलं, ठेवून दिली.

"त्या रिपोर्टसाठी मी दिवाळीच्या सुट्टीत येऊन बसले होते," त्या म्हणाल्या. "मुलगा तेव्हा रांगत होता."

मी चहा मागवला. चहा त्यांनी घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीखालून गोंगाट ऐकू आला. पाठोपाठ मुल्ला आत शिरले. मुल्ला स्पेअर काउंटरवर बसायचे. मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा माणूस. खातेप्रमुख नसल्यामुळे त्यांना कौस्तुभच्या मीटिंगला बोलावलं नव्हतं.

"मॅडम, माझं यंत्र कुठाय?"

"कुठलं यंत्र?"

"अवो, नंबर टाकला की कुठलं बुश बसतंय ते सांगतंय त्ये! दोन दिवस लोकास्नी उद्या या, उद्या या करून हाकललं. आज समदी एकदम आल्यात. खाली जाऊन बघा, जत्रा हाय. मला मारत्याली!"

आम्ही खाली गेलो. काउंटरसमोर पंप दुरुस्त करणारे मिस्त्री उभे होते. कागल, राधानगरी, गारगोटी, पार सीमेपलीकडून निपाणीचेसुद्धा. पावसाळ्यात पुराच्या भीतीनं नदीवरचे पंप वर काढून ठेवतात. दसरा झाला की ते पुन्हा खाली उतरवायचे. तेव्हाच कळतं कुणाचं काय झिजलंय. आमच्या पंपांची गंमत अशी की साचे वर्षानुवर्षं बदलत गेले. बाहेरून दोन पंप जुळे दिसतात, पण एकाचं बुश, म्हणजे दांड्याभोवतीची झिजणारी कडी, दुसऱ्यात बसत नाही. पंपाच्या पोटावरचा नंबर टाकला की कुठला भाग बसेल ते मॅडमचा प्रोग्रॅम सांगायचा.

"अंदाजानं द्या की एखादं," मी मुल्लांना म्हणालो.

"काल दिलं एकाला अंदाजानं," मुल्ला म्हणाले. "त्यो बगा, परत घिऊन आलाय."

त्यांनी बोट दाखवलेला माणूस पुढे आला. डोक्याला पटका, हातात बुश. गारगोटीचा सातापा मिस्त्री.

"कोण मॅडम?" त्यानं विचारलं.

"मी."

"ताई, तुमचं ते यंत्र कधी उठायचं? चार गावचे पंप काठावर पडल्यात. रोपं वाळाय लागली. तुमच्या बाकीच्या गोष्टीतलं मला काय कळत न्हाई, पर हे एक बंद ठेवू नगासा."

मॅडमनी त्याच्या हातातलं बुश घेऊन बघितलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हा प्रोग्रॅम मी एका दुपारी लिहिला. मुल्ला सारखे फोन करून डोकं खायचे म्हणून. नावसुद्धा दिलं नव्हतं. फाइलचं नाव 'मुल्ला' आहे."

मला कौस्तुभचा तक्ता आठवला. तळाशी एक ओळ होती. नाव: मुल्ला. विभाग: माहीत नाही. काम: माहीत नाही. पूर्ण तक्त्यात 'अत्यावश्यक' न लिहिलेली ती एकच ओळ. कौस्तुभनं तिच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं होतं.

तेवढ्यात मुल्लांचा मोबाइल वाजला. काकासाहेब जगात कुठेही असले तरी पहिला फोन स्पेअर काउंटरला करायचे. किती मिस्त्री आले यावरून त्यांना हंगाम कळायचा.

"मालक! सुखरूप हायसा न्हवं?" मुल्ला ओरडले, आणि एका दमात सगळी हकीकत सांगितली. मग फोन माझ्याकडे आला.

"सरनाईक, सर्व्हरला उठवायचा राहिला व्हय?"

"हो, काकासाहेब. आम्ही हात लावला नाही."

"बरं केलंसा." मागे वाऱ्याचा आवाज येत होता. "पण मिस्त्री लोकं खोळंबली म्हंजे कसं? असं करा, फोन न्या त्याच्याजवळ."

"कुणाजवळ?"

"सर्व्हरजवळ वो! कानाला लावा त्याच्या."

आमच्यामागे निम्मी कंपनी जिना चढली. मी फोन सर्व्हरच्या जाळीपाशी धरला. सर्व्हरला कान कुठे असतात यावर मागे थोडी कुजबुज झाली. हिमालयातून आवाज आला, "ऊठ बाबा. दसरा झाला. कामाला लाग." मुल्लांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. मॅडमनी हार उतरवला आणि बटण दाबलं. चटणी वाटायला सुरुवात झाली. घाटगेंनी टाळ्या वाजवल्या.

"चालला का?" फोनमधून विचारणा झाली.

"चालला, काकासाहेब."

"बघा. म्हंजे हात लावायला तिथंच असाय पायजे असं काय न्हाई," काकासाहेब म्हणाले. मग रेंज गेली.

गर्दी पांगल्यावर मी दार लावलं.

"मॅडम, सर्व्हर तुम्ही मुद्दाम बंद केलात."

त्या हाराची फुलं एकेक करून सोडवत होत्या.

"मला बघायचं होतं," त्या म्हणाल्या. "जायचं तर आहेच. काय घेऊन जायचं ते बघायचं होतं. तोंडावर कुणी खरं सांगत नाही. म्हटलं, बंद करून बसू. ज्याला लागेल तो येईल."

"आणि कुणीच आलं नसतं तर?"

"तर तुमच्या त्या पॅकेजच्या कागदावर पहिली सही माझी होती."

काकासाहेब तुळशीची माळ आणि थंडीनं सोललेलं नाक घेऊन परतले. मीटिंगला कौस्तुभ पुण्याहून आला. मी उभा राहून सांगितलं, की आपण दोन्हींपैकी कुठल्याच वाटेनं जायचं नाही. हिशेब आणि पगाराला तयार पॅकेज विकत घ्यायचं. भट्टीच्या नोंदी भट्टीजवळच एका साध्या संगणकावर राहू द्यायच्या, तिथली यंत्रं बदलतील तेव्हा बघू. बाकीचं बहुतेक सगळं बंद. आणि मुल्ला क्लाउडवर न्यायचा, पण उचलून नाही. नव्यानं लिहायचा. असा, की मिस्त्रीला काउंटरवर यायलाच नको, विहिरीवर उभं राहून मोबाइलवर बघता आलं पाहिजे.

कौस्तुभनं तक्त्यातल्या एकेका ओळीवरून नजर फिरवली. "सर, हे बरोबर आहे. खरं तर असंच करायचं असतं. पण कशाची गरज आहे आणि कशाची नाही, हे शोधायला आम्हाला महिने लागतात. तुम्ही कुठली पद्धत वापरली?"

"खंडेनवमी," मी म्हणालो. त्यानं ते टिपून घेतलं.

"कुपनांचं बी बंद करणार?" घाटगे कळवळून म्हणाले. "लागलं म्हंजे?"

"घाटगे," मॅडम म्हणाल्या, "आवकेचा पासवर्ड सांगा."

घाटगे बसले.

"नव्यानं लिहिणार कोण?" काकासाहेबांनी विचारलं. कौस्तुभनं आपल्याकडची मुलं आहेत म्हणून सांगितलं. तेव्हा मॅडम मागच्या खुर्चीवरून उठून पुढे येऊन बसल्या.

"मी लिहीन. मला यातलं काही येत नाही. याच्या मुलांनी मला शिकवावं. फक्त 'सोपं आहे हो मॅडम' असं कुणी म्हणायचं नाही."

वर्षभर त्या शिकल्या. पुण्याच्या मुलांना त्यांची भीती वाटायची. एकानं सोपं आहे म्हटलं, आणि त्याला त्या सोप्याचं स्पष्टीकरण लेखी द्यावं लागलं. त्यांनी मुल्लांना शेजारी बसवून एकेक पान तपासून घेतलं. नाव बदलूया, असं कौस्तुभनं सुचवलं होतं. मिस्त्री लोकांनी ते चालू दिलं नाही. मोबाइलवर आजही ते 'मुल्ला'च आहे. मुल्लांचा आवाज त्यानंतर आणखी मोठा झाला.

पुढच्या खंडेनवमीला आमच्या खोलीतली सर्व्हरची जागा रिकामी होती. काकासाहेब हार घेऊन दारात आले, इकडे-तिकडे बघितलं आणि "आता कुणाला घालायचा?" म्हणत हार खुंटीला अडकवून गेले. मॅडम त्या खुंटीकडे बघत बसल्या होत्या. दुपारी ऑफिसच्या लँडलाइनवर कौस्तुभचा फोन आला. आवाजात घबराट होती.

"मॅडम, काहीतरी गडबड आहे. काल संध्याकाळपर्यंत मुल्लावर गर्दी होती. आज सकाळपासून एकही माणूस नाही. एकही! सिस्टीम बंद पडलीय का?"

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर मुल्ला उघडून बघितला. चालू होता. एका पंपाचा नंबर टाकला. उत्तर आलं. पुन्हा टाकला. तेवढ्यात वरून एक फोटो येऊन पडला. गारगोटीच्या सातापा मिस्त्रीनं पाठवलेला. पाटावर नट खोलायचे पाने, पक्कड, हातोडा, बुश काढायचा पुलर ओळीनं मांडलेले. आणि मधोमध त्याचा मोबाइल टेकवून उभा केलेला, त्यावर मुल्ला उघडलेला. सगळ्यांना मिळून एकच झेंडूचा हार. मोबाइलच्या काचेवर कुंकवाचं बोट उमटलं होतं. खाली लिहिलं होतं, 'पोराच्या फोनवरनं पाठवतोय. माझा परवा उठंल.'

मॅडमनी तो फोटो मला दाखवला. मग परत घेतला आणि बोटांनी मोठा केला.

"हॅलो? मॅडम?" कौस्तुभ विचारत होता. "बंद पडलीय ना?"

"बंद नाही पडली," मॅडम म्हणाल्या. "पूजेला बसलीय. आणि त्या काचेवरचं कुंकू ओल्या फडक्यानं पुसू नका म्हणून एक सूचना टाकायला लागणार. ते मी परवा करते. आज हात लावणार नाही."